पाण्याला भ्यालेली पोर

आज लेकरांच्या भीतीबद्दल बोलू या. गोष्ट जुनी आहे.

१२ जुलै १९६१. पानशेतचं मातीचं धरण अजून पुरतं बांधून झालं नव्हतं. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, तरी सकाळी ते फुटलं. मागोमाग खडकवासल्याचं धरण गेलं आणि पुण्यातल्या नदीकाठच्या पेठा बुडाल्या. लकडी पुलावरून पाणी वाहिलं. पुढं ‘पाणी आलं, पाणी आलं’ अशी अफवा उठली, तेव्हा मोठी माणसंसुद्धा लेकरं काखेत मारून पळाली. मग पोरांनी कुणाकडं बघून धीर धरायचा?

माझी आत्या तेव्हा सहा वर्षांची. घर गेलं म्हणून सगळे कोथरूडला नातेवाइकांकडे आले. कोथरूड तेव्हा गावासारखंच, शेतं आणि मळे. तरी बादलीत पाणी ओतल्याचा आवाज झाला की आत्या किंचाळायची. रात्रभर आजीचा पदर मुठीत.

कुणी म्हणालं, “धरून नदीत बुडवून काढा, भीती मोडेल.” कुणी दृष्ट काढायला सांगितलं. आजीनं दृष्ट काढू दिली, त्यानं काही बिघडत नाही. बुडवू मात्र दिलं नाही. तिनं आधी पोरीच्या हातात तांब्या दिला, तुळशीला पाणी घालायला. मग विहीर. लांब उभं राहायचं, हातात गूळ-शेंगदाणे. चार दिवसांनी पाच पावलं पुढं. रडली तर तिथंच थांबायचं, शांत झाली की मग घरी. “पाणी परत येणार नाही,” असं खोटं वचन आजीनं दिलं नाही. “आलंच तर तुला उचलून टेकडीवर नेईन,” म्हणाली.

आजीला ठाऊक नव्हतं, पण अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स या बाईंनी १९२४ सालीच असंच काहीसं लिहून ठेवलं होतं. पीटर नावाचं तीन वर्षांचंही नसलेलं पोर सशाला भ्यायचं, कापसालाही. त्याला आवडीचं खायला देत देत ससा हळूहळू जवळ आणला. न भिणारी मुलंही सोबत खेळवली. शेवटी पीटर सशाला कुरवाळू लागला. घाई केली, तर उलट खाण्याचीच धास्ती बसेल, असंही बाईंनी बजावलंय.

लेकराची झोप, जेवण, शाळा सुटत चालली असेल, तर घरच्या उपायांवर थांबू नका. टेली-मानसला १४४१६ वर फोन करा, पैसे पडत नाहीत.

आत्या लकडी पुलावर गेली ती दुसऱ्या पावसाळ्यात. कठड्यापासून लांब, आजीचं बोट घट्ट धरून. अर्ध्यावर थांबली आणि म्हणाली, “आई, खाली बघू का?”