शेर गेला, लिटर आला: हजाराच्या हिशेबाची गोष्ट

बेंगळुरूच्या इंदिरानगरात एक प्रसिद्ध रस्ता आहे, हंड्रेड फीट रोड. नाव फुटांत, म्हणजे साधारण साडेतीस मीटर. पण त्याच भागातल्या दुकानात दुधाची पिशवी घ्या, तिच्यावर मिलिलिटर. पाण्याच्या बिलावर किलोलिटर. रस्त्याचं नाव जुन्या मापात राहिलं म्हणून कुणाचं काही बिघडत नाही. दुधाचं माप जुनं राहिलं असतं, तर मात्र गिऱ्हाइकाचं बिघडलं असतं. कसं, ते आज पाहू.

आपल्या आजी-पणजीचं दूध शेर, अच्छेर, पावशेर, नवटाक असं यायचं. शेराचा अर्धा, पाव आणि आठवा भाग. हिशेब सोपा होता. अडचण शेराचीच होती. तो कुठे वजन होता, कुठे माप, आणि गावागणिक वेगळा. मणाचंही तेच. मुंबईचा जुना मण 28 पौंडांचा, मद्रासचा 25 पौंडांचा, आणि बंगालकडचा मण 82 पौंडांहून जास्त! नाव एक, वस्तू तीन. गाव बदललं की गिऱ्हाइकाला दुकानदाराच्या शब्दावर विसंबावं लागे.

यावर उपाय म्हणून भारताने 1956 साली वजन-मापांचा कायदा केला. 1 एप्रिल 1957 ला नवे पैसे आले. 1 ऑक्टोबर 1958 पासून काही भागांत मेट्रिक वजनं सुरू झाली आणि मग टप्प्याटप्प्याने शेराच्या जागी लिटर आला.

हा लिटर फ्रान्सचा. तिथल्या 1795 च्या कायद्याने तो ठरला: दहा सेंटीमीटर लांब, तितक्याच रुंद आणि तितक्याच उंच घनात मावेल तेवढा. त्याचा हजारावा भाग मिलिलिटर, हजारपट किलोलिटर. मोठ्याकडून लहानाकडे जाताना हजाराने गुणायचं, उलट येताना भागायचं. 6,000 लिटरचा टँकर म्हणजे 6 किलोलिटर, म्हणजेच 20 लिटरचे 300 कॅन. एवढंच गणित.

गंमत म्हणजे हे मापही मधल्या काळात किंचित सरकलं होतं. 1901 मध्ये लिटरची व्याख्या एक किलो पाण्यावरून केली गेली आणि तो मूळ घनापेक्षा दहा लाखांत 28 भाग मोठा निघाला. लिटरमागे जेमतेम अर्धा थेंब! दूधवाल्याला त्याचं काय? पण शास्त्रज्ञांना हे खपलं नाही. 1964 मध्ये जुनी व्याख्या रद्द झाली, आणि एक मिलिलिटर म्हणजे बरोबर एक घन सेंटीमीटर हे पुन्हा पक्कं झालं.

आता परत बेंगळुरूला येऊ. जून 2024 मध्ये कर्नाटक दूध महासंघाने नंदिनी दुधाच्या पिशवीत 50 मिली दूध वाढवलं आणि किंमत 2 रुपयांनी वाढवली. टोन्ड दुधाची एक लिटरची 42 रुपयांची पिशवी 1,050 मिली आणि 44 रुपये झाली. महागली का? 44 ला 1,050 ने भागा, हजाराने गुणा: लिटरला 41 रुपये 90 पैसे. म्हणजे खिशातून 2 रुपये जास्त गेले, पण दर वाढला नव्हता. एप्रिल 2025 मध्ये पिशवी पुन्हा एक लिटरची झाली, किंमत 46 रुपये. पिशवीकडे पाहिलं तर वाढ 2 रुपयांची. लिटरचा दर पाहिला तर 4 रुपये 10 पैशांची!

शेराच्या काळात हा हिशेब कोण करणार होतं? आज तो कुणालाही करता येतो, आणि बेंगळुरूत, बेळगावात, पुण्यात तोच लिटर असतो. मेट्रिक मापाने सामान्य माणसाला दिलं ते हे: पडताळून पाहण्याची सोय.

आणि मराठीने तरी जुनं कुठे सोडलंय? आपण अजूनही पाव, पाऊण, सव्वा, अडीच लिटर म्हणतो. जरूर म्हणा. फक्त पाऊण म्हणजे 750 मिली आणि सव्वा म्हणजे 1,250, एवढं लक्षात असू द्या. पिशवीवरची किंमत वाचली की खालचे मिलिलिटरही वाचा, आणि मगच ठरवा स्वस्त की महाग.