स्वातंत्र्यसैनिक सन्मान निवृत्तिवेतन

अंदमानात शिक्षा भोगलेल्या राजबंद्यांसाठी केंद्र सरकारने १९६९ मध्ये निवृत्तिवेतन सुरू केले. स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवानिमित्त १५ ऑगस्ट १९७२ पासून अन्य स्वातंत्र्यसैनिकांनाही ते लागू झाले. अनेकांना ताम्रपट देऊन गौरविण्यात आले. मात्र दरमहा २०० रुपयांचे हे वेतन वार्षिक उत्पन्न ५,००० रुपयांपेक्षा अधिक नसलेल्यांनाच मिळत असे.

१ ऑगस्ट १९८० पासून ही उत्पन्नमर्यादा रद्द झाली आणि योजनेच्या नावात ‘सन्मान’ हा शब्द आला. गरजूंचे साहाय्य ही तिची ओळख मागे पडून ती राष्ट्राच्या कृतज्ञतेचे प्रतीक ठरली.

किमान सहा महिन्यांचा कारावास ही पात्रतेची प्रमुख अट होय. महिला तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या सैनिकांसाठी ही मुदत तीन महिन्यांची आहे. सहा महिन्यांहून अधिक काळ भूमिगत राहिलेलेही पात्र ठरतात. परंतु खरा पेच त्यांच्यापुढेच उभा राहिला. कैद्याची नोंद तुरुंगात सापडते, पोलिसांना चुकवून वावरणाऱ्याची सहसा सापडत नाही. हैदराबाद मुक्तिसंग्रामात सीमेवरील शिबिरांतून लढलेल्या मराठवाड्यातील सैनिकांनाही पुराव्याची हीच अडचण जाणवली.

अशा दाव्यांत फौजदारी खटल्याइतका काटेकोर पुरावा मागू नये, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये दिला. बीड जिल्ह्यातील बनावट दाव्यांचे प्रकरणही २००५ मध्ये याच न्यायालयापुढे आले. खऱ्याला वंचित न ठेवता खोट्याला रोखणे, ही या योजनेची कायमची कसोटी ठरली.

सैनिकाच्या निधनानंतर हे वेतन पात्र वारसांना मिळते.