पहिल्या वर्षाचे कुंपण

श्रोतेहो, गावातला एखादा मुलगा तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या कॉलेजात जायला निघतो. कबड्डीत त्याचे नाव आहे. चढाईला गेला की सहसा रिकाम्या हाताने परत येत नाही. घरची माणसे म्हणतात, "बाबा, नीट अभ्यास कर." सोबती म्हणतात, "कॉलेजच्या संघात नंबर लाव." आणि गुरुजी म्हणतात, "दोन्ही कर." सांगणारे सांगून मोकळे होतात, पण दिवसाचे तास काही चोविसाचे पंचवीस होत नाहीत. मग पहिल्या वर्षी या पोराने करावे तरी काय?

प्रश्न घरगुती दिसतो खरा. पण अमेरिकेतल्या कॉलेजांनी या एका प्रश्नावर शंभराहून अधिक वर्षे वाद घातला आहे. त्यांनी नियम केले, मोडले आणि पुन्हा दुसऱ्या रूपाने केले. ती हकीकत आपल्यालाही ऐकण्यासारखी आहे.

तिकडे दोन कॉलेजांमधला पहिला सामना झाला तो १८५२ सालच्या ऑगस्टात. हार्वर्ड आणि येल या दोन विद्यापीठांच्या मुलांनी न्यू हॅम्पशायर राज्यातल्या एका मोठ्या सरोवरात वल्हवण्याची शर्यत लावली, आणि हार्वर्डने ती जिंकली. पण मुलांचा खर्च केला कोणी? एका रेल्वे कंपनीने! शर्यत पाहायला लोक गाडीने येतील, हा तिचा हिशेब. म्हणजे बघा, खेळणारा विद्यार्थी आणि त्याचे पुस्तक यांच्यामध्ये तिसऱ्याचा हात अगदी पहिल्या दिवसापासून होता.

पुढे अमेरिकन फुटबॉलचे वेड पसरले. हा आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. चेंडू काखेत मारून धावायचे आणि समोरच्यांनी अंगावर झेप घेऊन धावणाऱ्याला लोळवायचे, असा तो धुसमुसळा खेळ. जिंकण्याची ईर्षा वाढली, तशी भाडोत्री खेळाडूंची चाल पडली. फील्डिंग योस्ट नावाचा एक तगडा तरुण वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठात कायदा शिकत होता. १८९६ च्या ऑक्टोबरात तो एकाएकी लाफाएट कॉलेजचा विद्यार्थी झाला, त्यांच्या संघातून पेनसिल्व्हेनियाच्या बलाढ्य संघाविरुद्ध एक सामना खेळला, सामना जिंकून दिला आणि पुन्हा आपल्या जुन्या विद्यापीठात परतला. नाव विद्यार्थ्याचे, काम पाहुण्या पैलवानाचे! हे नाव ध्यानात ठेवा. ते पुढे पुन्हा यायचे आहे.

१९०५ साली मात्र लोकांचा धीर सुटला. त्या एका हंगामात या खेळात १८ जण दगावले, असा शिकागोच्या ट्रिब्यून पत्राचा हिशेब होता, आणि त्यांतले बहुतेक शाळकरी वयाचे होते. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी ९ ऑक्टोबरला हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन यांच्या प्रतिनिधींना आपल्या निवासस्थानी बोलावून खेळ सुधारण्याची ताकीद दिली. योगायोग असा, की त्यांचा थोरला मुलगा त्याच वर्षी हार्वर्डमध्ये पहिल्या वर्षाला होता आणि पहिल्या वर्षाच्या संघातून हाच खेळ खेळत होता. येलशी झालेल्या सामन्यात त्याचे नाक फुटले. दोन वर्षांपूर्वी बापाने याच मुलाला पत्र लिहून बजावले होते, की खेळ हा चाकर म्हणून फार चांगला, पण धनी म्हणून फार वाईट. म्हणजे राष्ट्राध्यक्षाच्या घरीही हाच प्रश्न होता.

जानेवारी १९०६ मध्ये अमेरिकेच्या मध्य भागातल्या मोठ्या विद्यापीठांची शिकागोला परिषद भरली. तिच्या मागे होते मिशिगन विद्यापीठाचे वयोवृद्ध अध्यक्ष जेम्स एंजेल. परिषदेने ठरवले, की विद्यार्थ्याने आधी एक वर्ष कॉलेजात राहून शिकावे, मगच मुख्य संघातून खेळावे. पुढे खेळायला मिळतील ती वर्षे फक्त तीन. फुटबॉलचे सामने हंगामात पाचच. आणखी एक कलम आपल्याला गंमतीचे वाटेल. खेळाडूंसाठी वेगळी खानावळ चालायची, ती बंद करावी. जेवायचे ते सगळ्यांच्या पंगतीत! खेळाडू ही निराळी जात होऊ नये, हा त्यातला भाव.

आता मिशिगनचा फुटबॉल शिक्षक त्या वेळी कोण होता, ओळखा पाहू. तोच फील्डिंग योस्ट! त्याला हे नियम मुळीच रुचले नाहीत. पुढे मिशिगन त्या संघटनेतून बाहेर पडले आणि १९१७ साली परत आले. पण पहिल्या वर्षाचे हे कुंपण हळूहळू देशभर पसरले.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. हे कुंपण काही निव्वळ मुलांच्या मायेपोटी घातलेले नव्हते. एका सामन्यापुरता 'विद्यार्थी' होणाऱ्याला अडवायचे, हा त्यामागचा मोठा हेतू. वर्षभर वर्गात कोण बसणार? पण त्याचा लाभ खऱ्या विद्यार्थ्याला झाला. पहिल्या वर्षाच्या मुलांचा वेगळा संघ असे. त्यांना वेगळा शिक्षक, मोजके सामने, प्रवास थोडा. खेळ बंद नव्हता, खेळाचा भार हलका होता. भातशेती करणाऱ्यांना हे फोडून सांगायला नको. तरवा उपटून खाचरात लावला की पहिले काही दिवस तो पिवळा दिसतो. मेला असे वाटते, पण आत तो मुळे धरत असतो. त्या दिवसांत त्याला कोणी ओढून पाहत नाही.

दोन उदाहरणे पाहू, दोन्ही बास्केटबॉलची. दहा फूट उंचीवरच्या कड्यात चेंडू टाकायचा हा खेळ १८९१ साली जेम्स नेस्मिथ नावाच्या एका शिक्षकानेच शोधून काढला.

बिल ब्रॅडली हा मिसुरी राज्यातल्या क्रिस्टल सिटी या लहान गावचा मुलगा. १९६१ साली तो प्रिन्स्टनला गेला. तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती मिळत नसे, तरी गेला. पहिले वर्ष तो नियमाप्रमाणे पहिल्या वर्षाच्या संघातच खेळला. तिथेही त्याने लागोपाठ ५७ मोकळे फेक कड्यात टाकले. पण मुख्य संघाचे दार वर्षभर बंदच. पुढे १९६४ साली ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकणाऱ्या अमेरिकन संघात तो होता. १९६५ साली इतिहासाची पदवी सन्मानाने घेऊन तो ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेला.

दुसरे उदाहरण लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाचे. तिथले शिक्षक जॉन वुडन हे मूळचे शाळेतले इंग्रजीचे मास्तर. हंगामाच्या पहिल्या दिवशी मोठमोठ्या खेळाडूंना ते काय शिकवत? मोजा आणि बूट नीट कसे घालायचे! मोज्याला चुणी राहिली की पायाला फोड येतो आणि फोड आला की सराव बुडतो. त्यांच्याकडे १९६५ साली न्यूयॉर्कहून सात फुटांहून उंच असा लू अल्सिंडर आला. जगाला तो पुढे करीम अब्दुल-जब्बार या नावाने माहीत झाला. त्या वर्षी २७ नोव्हेंबरला पहिल्या वर्षाच्या पोरांचा आणि मुख्य संघाचा आपसात सामना झाला. मुख्य संघ म्हणजे लागोपाठ दोन वर्षांचा राष्ट्रीय विजेता. पोरांनी त्याला ७५ विरुद्ध ६० गुणांनी हरवले! एकट्या अल्सिंडरचे गुण ३१. तरीही तो त्या वर्षी मुख्य संघात आला नाही. तो हंगाम विद्यापीठाला जड गेला, राष्ट्रीय स्पर्धेत जागाही मिळाली नाही, पण नियम वाकला नाही. पुढची तिन्ही वर्षे त्याच्यासह राष्ट्रीय विजेतेपद यूसीएलएकडेच आले आणि १९६९ साली अल्सिंडर इतिहासाचा पदवीधर झाला. एक वर्ष थांबून काही नासले नाही.

मग हे कुंपण निघाले कसे? १९६८ साली फुटबॉल आणि बास्केटबॉल सोडून बाकीच्या खेळांत पहिल्या वर्षाच्या मुलांना मोकळीक मिळाली. १९७२ साली त्या दोन खेळांतही मिळाली. कारण काय? मुले एकाएकी शहाणी झाली म्हणून नव्हे. मुख्य कारण खर्चाचे. दोन-दोन संघ, दोन-दोन शिक्षक पोसायचे कशाला? ज्याचे शिक्षण त्याचा विचार मागे पडला आणि जमाखर्चाची वही पुढे आली. आता फुटबॉलचा सराव ऑगस्टात सुरू होई आणि पहिला तास नंतर भरे. मुलगा वर्गाच्या आधी मैदानावर पोचू लागला.

परिणाम दिसायला वेळ लागला नाही. चार वर्षे खेळून पदवीवाचून घरी गेलेल्या खेळाडूंची चर्चा होऊ लागली. १९८३ साली नियम ठरला आणि १९८६ पासून तो लागू झाला. शाळेतल्या ११ मुख्य विषयांत ठरावीक सरासरी हवी आणि प्रवेशपरीक्षेत १६०० पैकी ७०० गुण हवेत. नाहीतर पहिल्या वर्षी खेळता येणार नाही. कुंपण परत आले, पण फक्त कच्च्या मुलांभोवती! गरीब वस्तीतल्या, विशेषतः कृष्णवर्णीय मुलांवर त्याचा भार अधिक पडला. पुढे अशा मुलांची शिष्यवृत्तीही तोडायचा ठराव झाला, तेव्हा जॉर्जटाउन विद्यापीठाचे शिक्षक जॉन थॉम्पसन १४ जानेवारी १९८९ रोजी सामना सुरू होण्याआधी मैदान सोडून चालते झाले. ठराव पुढच्याच वर्षी सौम्य करावा लागला. परीक्षेच्या गुणांची अट तर २०२३ साली काढूनच टाकली.

याच सुमारास आपला बिल ब्रॅडली पुन्हा दिसतो, आता सिनेटर म्हणून. खेळाडूंपैकी किती जण पदवी घेऊन बाहेर पडतात, ते कॉलेजांनी जाहीर करावे, असा कायदा १९९० साली झाला. तो पुढे रेटणाऱ्यांत ब्रॅडली होता. आणि १९९१ च्या ऑगस्टपासून तासांची मर्यादा आली. हंगामात आठवड्याला २० तास, दिवसाला फार तर चार, आणि आठवड्यातून एक दिवस सुट्टी. पण यातही पळवाटा राहिल्या. प्रवासाचे तास धरत नाहीत. सामन्याचा दिवस, तो कितीही लांबला तरी, तीनच तासांचा धरतात.

आता मंडळी, हिशेब आपणच मांडू. आठवड्याला वर्गाचे १५ तास. एका तासाला दोन तास स्वतःचा अभ्यास, हा तिथला जुना दंडक. ते झाले ३०. त्यात खेळाचे २० मिळवा. बेरीज ६५, आणि प्रवास वेगळा. जुन्या मुलाला हे कसेबसे झेपते. पण नव्या मुलाला वसतिगृह नवे, भाषा नवी, जेवण नवे आणि रागावणारे मोठे माणूसही जवळ नाही. त्याच्या पहिल्या वर्षाला ही बेरीज पेलत नाही.

आपल्याकडे पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही कॉलेजच्या संघातून खेळतो. खेळू द्यावे. संघ त्याला मित्र देतो, शिस्त देतो, परक्या गावात हक्काची माणसे देतो. खेळाने पोर बिघडते, हे या इतिहासातून कुठेच निघत नाही. निघते ते इतकेच, की सामने जिंकायचे असणाऱ्यांच्या हातात मुलाचे तास एकदा गेले, की ते परत मिळवायला कायदे करावे लागतात, आणि ते कायदेही गळके निघतात.

म्हणून शिक्षकहो, निरोप देताना मुलाला नुसते 'दोन्ही कर' म्हणू नका. कागद घ्या आणि त्याच्याबरोबर बसून आठवड्याच्या तासांची बेरीज मांडा. पहिल्या चाचणीचे गुण येईपर्यंत सराव किती आणि बाहेरगावचे सामने किती, ते त्याच्याच हाताने लिहवून घ्या. तो कागद कॉलेजातल्या एखाद्या शिक्षकाला दाखवायला सांगा, आणि दिवाळीत पोर घरी आले की तुम्हीही पाहायला मागा. चढाईत किती गडी मारले हे विचाराच, पण आधी तो कागद पाहा.