गोवळकोंड्याच्या तटाआडचं गोल्फ

बिदर-कलबुर्गीच्या सीमाभागातला गोल्फखेळाडू कसोटी पाहणारं मैदान शोधायला निघाला, तर वाट हैदराबादकडेच वळते. 1956 पर्यंत हे दोन्ही जिल्हे हैदराबाद राज्यातच होते.

कोलकात्यात गोल्फ क्लब 1829 साली निघाला, मुंबईत 1842 साली. हैदराबादचं मैदान त्यांच्याहून नवं, पण जागा विलक्षण: गोवळकोंड्याचा नया किल्ला. औरंगजेबाच्या 1656 च्या स्वारीनंतर अब्दुल्ला कुतुबशहाने ही तटबंदी वाढवली. आत शेकडो वर्षांची अवाढव्य गोरखचिंच उभी आहे. खेळाच्या सोयीसाठी इथला एकही दगड हलता कामा नये.

बिदरकरांना ही जागा परकी नाही. कुतुबशाहीचा संस्थापक सुलतान कुली हा बिदरच्या बहमनींचाच सरदार होता.