ग्राफिक डिझायनरला रोज नवं कसं सुचतं? कल्पना शोधण्याच्या जागा, नोंदीची सवय आणि नक्कल टाळण्याचे नियम

सोमवारी एका केक शॉपची पोस्ट, मंगळवारी क्लासचं बॅनर, बुधवारी कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका. ग्राफिक डिझायनरचा आठवडा साधारण असाच जातो. प्रत्येक क्लायंटला ‘काहीतरी वेगळं’ हवं असतं आणि तेही संध्याकाळपर्यंत. अशा वेळी मूड लागण्याची वाट पाहणं परवडत नाही. मग अनुभवी डिझायनर काय करतात? आणि मराठीत काम करणाऱ्याला आपल्या आजूबाजूलाच काय काय सापडू शकतं?

अचानक सुचतं, म्हणजे काय होतं?

अमेरिकेतल्या डिझायनर पॉला शेर यांनी १९९८ मध्ये ‘सिटी’ बँकेच्या लोगोचं पहिलं रेखाटन एका बैठकीत, कागदी नॅपकिनवर केलं होतं. सिटीकॉर्प आणि ट्रॅव्हलर्स या दोन कंपन्या तेव्हा एकत्र येत होत्या. ट्रॅव्हलर्सची ओळख होती लाल छत्री. शेर यांना दिसलं की इंग्रजीतल्या ‘टी’ या छोट्या अक्षराची खालची वळलेली टोकं छत्रीच्या दांड्यासारखी असते. अक्षरांवर एक कमान काढली आणि छत्री तयार झाली.

ही गोष्ट ‘बघा, किती पटकन सुचलं’ म्हणून सांगितली जाते. पण ते अक्षर छत्रीच्या दांड्यासारखं दिसायला आधी अक्षरांकडे वर्षानुवर्षं पाहिलेलं असावं लागतं. सुचतं तेव्हा बहुतेक वेळा असंच होतं: आधी पाहून ठेवलेली गोष्ट समोरच्या कामाला जोडली जाते. त्यामुळे प्रश्न ‘आज काय सुचेल?’ एवढाच नसतो. ‘गेल्या महिनाभरात आपण काय पाहून ठेवलं?’ हाही असतो.

पिंटरेस्ट आणि इन्स्टाग्राम पुरेसं का नाही?

पिंटरेस्ट, बिहान्स, इन्स्टाग्राम जरूर पाहा. ट्रेंड कळतात, मांडणी शिकता येते. पण दोन अडचणी आहेत.

पहिली म्हणजे, तुम्ही जे शोधता तेच इतरही शोधतात. ‘दिवाली पोस्ट’ असं टाकलं की सगळ्यांसमोर साधारण तेच दिवे आणि तीच सोनेरी महिरप येते. म्हणून दिवाळीच्या दिवशी निम्म्या पोस्ट एकमेकींच्या बहिणी वाटतात.

दुसरी अडचण भाषेची. तिथली बरीचशी टेम्प्लेट रोमन लिपीसाठी बनलेली असतात. इंग्रजी मथळा कॅपिटल अक्षरांत, मोकळं अंतर ठेवून छान दिसतो. तेच अंतर मराठी मथळ्याला दिलं की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात. देवनागरीत कॅपिटल अक्षरं नाहीत. वर मात्रा, वेलांटी, रफार आणि खाली उकार असल्यामुळे दोन ओळींमध्ये जागाही जास्त लागते. म्हणजे मराठी पोस्टसाठी नमुनेही मराठीतच शोधायला हवेत.

रोजच्या पाहण्यातल्या चार जागा

*१. रस्त्यावरची आणि छापलेली अक्षरं*

हाताने रंगवलेल्या दुकानांच्या पाट्या, ट्रकची मागची बाजू, जुन्या पुस्तकांची मुखपृष्ठं, नाटकांच्या जाहिराती. पाटी रंगवणाऱ्याला जागा कमी पडली की तो जोडाक्षर कसं बसवतो, वेलांटी कुठवर ओढतो, सावली कोणत्या बाजूला देतो, हे पाहण्यासारखं असतं.

कमल शेडगे (निधन २०२०) यांनी असंख्य मराठी नाटकांची शीर्षकं रेखाटली. अक्षराच्या वळणातूनच नाटक गंभीर आहे की विनोदी, याचा अंदाज यावा, अशी त्यांची पद्धत होती. अच्युत पालव यांनी मोडी लिपीचा अभ्यास करून तिची लय आजच्या सुलेखनात आणली. एक टाइप या संस्थेचा ‘मोदक’ हा फॉन्ट पाहा: अक्षरं इतकी गुबगुबीत की आतल्या मोकळ्या जागेची फक्त फट उरते. तो गूगल फॉन्ट्सवर मोफत मिळतो.

फ्लेक्स आल्यापासून हाताने रंगवलेल्या पाट्या झपाट्याने कमी झाल्या. हनीफ कुरेशी यांनी ‘हँडपेंटेड टाइप’ या प्रकल्पातून अशा पेंटरांची अक्षरं डिजिटल रूपात जपली आणि फॉन्टना त्या पेंटरांचीच नावं दिली. तुमच्या गावातली पाटीही उद्या असेलच असं नाही. आज दिसली तर फोटो काढून ठेवा.

*२. भिंतीवरचं कॅलेंडर*

माहितीची मांडणी शिकायची असेल तर ‘कालनिर्णय’चं एक पान नीट पाहा. १९७३ पासून निघणाऱ्या या दिनदर्शिकेत एका छोट्या चौकटीत तारीख, तिथी, नक्षत्र, सण असं बरंच काही असतं. तरीही लांबून आधी तारीखच दिसते. रविवार लाल रंगामुळे वेगळा कळतो. बाकीचं जवळ गेल्यावर वाचता येतं. आधी काय दिसावं आणि नंतर काय, हा क्रम प्रत्येक पोस्टला लागतो. रेल्वेचं तिकीट, औषधाची पट्टी, लाइट बिल हेही याच नजरेने पाहता येतं. काही वाईट मांडलेलं असेल तर का वाईट आहे, तेही लिहून ठेवा.

*३. रंग*

भाजी मंडई, फुलबाजार, पैठणीचा काठ आणि पदर, पावसाने काळपट झालेली भिंत. यातल्या एकाचा फोटो घ्या आणि आयड्रॉपरने त्यातले पाच रंग उचला. त्यातला एक मुख्य, दोन साथीचे, एक मजकुरासाठी गडद आणि एक मोकळ्या जागेसाठी फिका. मात्र बाजारातल्या पिवळ्या दिव्याखाली फोटोतले रंग बदलतात. शक्यतो दिवसाच्या उजेडात फोटो काढा.

*४. आजची बातमी*

‘अमूल’च्या जाहिरातींमधली ठिपक्यांच्या फ्रॉकमधली मुलगी १९६६ पासून आहे. विकायचं असतं लोणीच. पण विषय असतो त्या दिवसांतला: क्रिकेट, सिनेमा, राजकारण. उत्पादन, मुलगी आणि शब्दांचा खेळ तोच ठेवून फक्त निमित्त बदलायचं, हे सूत्र छोट्या दुकानाच्या पेजलाही वापरता येतं.

नोंद कशी ठेवायची?

फोनमध्ये दहा हजार फोटो असतात, पण हवा तेव्हा एकही सापडत नाही. म्हणून:

- गॅलरीत चारच अल्बम करा: अक्षर, मांडणी, रंग, इतर.
- प्रत्येक फोटोला एका ओळीची नोंद जोडा. ‘छान आहे’ असं लिहू नका. ‘ळ ची गाठ मोठी केल्यामुळे शब्द भरलेला वाटतो’ असं लिहा. पुढे उपयोगी पडतं ते कारणच.
- आठवड्यातून एकदा एक फोटो निवडा आणि त्यातली गोष्ट हाताने काढून पाहा. हाताने काढताना जे लक्षात येतं, ते नुसत्या स्क्रीनशॉटमधून येत नाही.
- महिन्याच्या शेवटी नको ते काढून टाका.

काम आल्यावर नोंद कशी वापरायची?

समजा, घरगुती फराळाच्या ऑर्डर घेणाऱ्या एका ताईंना दिवाळीची पोस्ट हवी आहे. दिवा आणि महिरप घेऊन बसण्याआधी विचारा, गिऱ्हाईकाला काय कळायला हवं? कोणता पदार्थ, काय भाव आणि ऑर्डर कधीपर्यंत. आता ‘मांडणी’चा अल्बम उघडा. कॅलेंडरची चौकट समोर येते. मग पोस्टच दिनदर्शिकेच्या पानासारखी करता येईल: या तारखेपर्यंत चकली, त्या तारखेपर्यंत लाडू, शेवटची तारीख लाल. कल्पना कॅलेंडरची, पण काम ताईंचं.

काहीच सुचत नसेल तर पर्याय कमी करा. एकच रंग, एकच फॉन्ट, चित्र अजिबात नाही, अशी अट स्वतःला घाला आणि वीस मिनिटांत सहा कच्ची रेखाटनं काढा. पहिली दोन-तीन बहुधा कुठेतरी पाहिलेली निघतात. ती काढून झाल्यावर पुढची आपली येऊ लागतात.

प्रेरणा कुठे संपते आणि नक्कल कुठे सुरू होते?

१९७८ मध्ये आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की कॉपीराइट नुसत्या कल्पनेला मिळत नाही, तिच्या मांडणीला मिळतो. म्हणजे कॅलेंडरसारखी चौकट वापरणं चालतं. कुणाचं चित्र रंग बदलून वापरणं चालत नाही.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रावरचा हक्क सर्वसाधारणपणे चित्रकाराच्या निधनानंतर ६० वर्षं राहतो. राजा रवि वर्मा १९०६ मध्ये गेले, त्यांची मूळ चित्रं आता सर्वांसाठी खुली आहेत. दीनानाथ दलाल १९७१ मध्ये गेले. त्यांच्या मुखपृष्ठांवरचा हक्क २०३१ अखेरपर्यंत आहे. ‘जुनं आहे, म्हणजे फुकट आहे’ असं गृहीत धरू नका.

काही गोष्टी कायद्याच्या पलीकडच्या असतात. वारली चित्रं आज कपांपासून कुर्त्यांपर्यंत सगळीकडे दिसतात. मुळात लग्नातला ‘चौक’ हा वारली समाजाच्या विधीचा भाग आहे. जिव्या सोमा मशे यांच्यासारख्या कलाकारांनी ही कला कागदावर आणून जगभर नेली. अशा कलेचं काम आलं तर आकृत्या डाउनलोड करून चिकटवण्याऐवजी वारली कलाकारालाच काम द्या, निदान क्लायंटला तसं सुचवा. त्याचं नाव पोस्टमध्ये लिहा.

एक सोपी कसोटी आहे. ज्याच्याकडून घेतलं, त्याला तुमचं काम बिनधास्त दाखवता येईल का? येत असेल, तर ती प्रेरणा. लपवावंसं वाटत असेल, तर फाइल परत उघडा.

सुरुवातीला फार काही लागत नाही. आज घरी जाताना वाटेतल्या एका पाटीसमोर थांबा, फोटो घ्या आणि त्यातलं कोणतं अक्षर आवडलं, का आवडलं, ते एका ओळीत लिहा. नोंदवहीतली पहिली नोंद झाली.