फोल्डर आले कोठून?

संगणकाच्या पडद्यावरचे फोल्डर आता इतके ओळखीचे झाले आहे की, ते पहिल्यापासून तिथेच असावे असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात तसे नव्हते.

१९८१ साली आयबीएमचा पीसी आला. त्यावरच्या डॉस प्रणालीच्या पहिल्या आवृत्तीत एका फ्लॉपीवर १६० किलोबाईट माहिती मावे आणि जास्तीत जास्त ६४ फाइलींची नोंद होई. सगळी नावे एकाच यादीत असत. एका यादीत एकच नाव दोनदा चालत नाही. म्हणजे आठवीचे आणि नववीचे गुण एकाच फ्लॉपीवर ठेवायचे, तर दोन्ही फाइलींना ‘गुण’ हे नाव देता येत नसे.

चौसष्ट नावांपर्यंत हे निभावले. १९८३ मध्ये पीसी-एक्सटीबरोबर १० मेगाबाईटची हार्ड डिस्क आली. तिच्यावर अशा साठ-एक फ्लॉप्यांचा ऐवज मावणार होता. हजारो नावांची एकच यादी कोण वाचणार? म्हणून त्याच वर्षी डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीत यादीच्या आत यादी ठेवण्याची सोय झाली.

ही कल्पना मात्र जुनी होती. मल्टिक्स ही प्रणाली एकाच वेळी अनेकांनी वापरायची होती, त्यामुळे प्रत्येकाला स्वतंत्र जागा लागणार होती. डेली आणि न्यूमन यांनी १९६५ मध्ये तिच्यासाठी झाडासारखी रचना मांडली : एक मूळ, त्याला फांद्या, फांद्यांना उपफांद्या आणि टोकाला फाइल. मल्टिक्सवर काम केलेल्या थॉम्पसन आणि रिची यांनी ती १९६९ पासून घडवलेल्या युनिक्समध्ये नेली.

फोल्डरचे चित्र आले ते १९८१ च्या झेरॉक्स स्टार संगणकावर. चित्र आणि रचना या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे १९८४ च्या मॅकिंटॉशवरून कळते. तिथे फोल्डर दिसे, पण डिस्कवरची यादी एकच होती. त्यामुळे दोन वेगळ्या फोल्डरांतही एकाच नावाच्या फाइली ठेवता येत नसत. खरे फोल्डर तिथे १९८५ मध्ये आले.

मग फोल्डर म्हणजे नेमके काय? पेटी नव्हे, नोंदवही. तिच्यात फाइलचे नाव असते आणि मजकूर डिस्कवर कोठे आहे हे शोधण्याची खूण असते. एकाच डिस्कवर फाइल या फोल्डरातून त्या फोल्डरात हलवली, तर मजकूर जागचा हलत नाही, फक्त नोंद बदलते. म्हणूनच मोठी फाइलही क्षणात ‘हलते’.

मोबाइलवर वाढलेली मुले फाइल नावाने शोधतात. शोधल्यावर ‘प्रकल्प’ नावाच्या पाच फाइली समोर आल्या, तर आपली कोणती? उत्तर नावात नसते, मार्गात असते : नववी, विज्ञान, प्रकल्प. वर्गात दोन फोल्डर करून दोन्हींत एकाच नावाची, पण वेगळ्या मजकुराची फाइल ठेवायला सांगावी. मग एक फाइल दुसरीच्या फोल्डरात हलवायला सांगावी. संगणक तेव्हा जो प्रश्न विचारतो, त्याला न वाचता ‘हो’ म्हटले तर एकाचे काम पुसले जाते. प्रयोग अर्थातच कोऱ्या फाइलींवर नव्हे, पण बिनमहत्त्वाच्या फाइलींवर करावा.