चूल घराच्या मापाची

१९८० च्या सुमाराला हरियाणातल्या नाडा गावात वास्तुरचनाकार मधु सरीन यांनी गावच्या बायकांना सोबत घेऊन मातीची बिनधुराची चूल घडवली. भांडी ठेवायची भोकं घरातल्याच भांड्यांच्या मापाची, धूर धुराड्यातून बाहेर. चूल घालायला बायकाच शिकल्या. तिचं नाव पडलं ‘नाडा चूल’.

पुढे सरकारने देशभर सुधारित चुली बसवल्या. पण मोजले गेले ते जास्त करून चुलींचे आकडे! धुराड्यातली काजळी कोण काढणार, हे कितीतरी ठिकाणी राहूनच गेलं. धुराडं बुजलं, की धूर पुन्हा घरात. तो कार्यक्रम २००२ मध्ये संपला.

गटातून चूल घेताना आधी आपला तवा मापा, छप्पर बघा आणि धुराड्यापर्यंत हात पोचतो का, तेही.